शिवणयंत्राचा दुसरा रंग

आमच्या वसतिगृहाच्या शिवणवर्गात खिडकीलगत जे निळसर करड्या रंगाचे यंत्र मांडलेले आहे, ते नवे घेतले काय, असे पालकमेळाव्यास येणारी मंडळी हटकून विचारतात. ते नवे नाही. वर्गातील सर्व यंत्रांत वयाने तेच वडील आहे. त्याचा रंग तेवढा नवा आहे, आणि तो देण्याचे काम आमच्या नववीच्या मुलामुलींनी दोन माजी विद्यार्थ्यांच्या मदतीने पार पाडले. स्मरणिकेत इमारतींचा, निकालांचा आणि देणगीदारांचा वृत्तान्त येतोच. आम्हांस या एका यंत्राचा वृत्तान्त लिहून ठेवणे अगत्याचे वाटते. कारण त्याला रंग द्यावा की देऊ नये, या साध्या प्रश्नावरून जी चर्चा झाली, ती पुढे आमच्या शाळेच्या हेतूपर्यंत जाऊन पोहोचली.

यंत्र सिंगरचे आहे, ३१ के या नमुन्याचे. ‘के’ हे अक्षर स्कॉटलंडमधील क्लाइडबँक येथील किलबोवी कारखान्याची खूण होय. हा कारखाना १८८५ मध्ये सुरू झाला आणि १९८० मध्ये कायमचा बंद पडला. घरगुती यंत्राहून याचे अंग मोठे व जड असते; शिंप्यांच्या दुकानांसाठी आणि लहान कारखान्यांसाठीच ते घडवलेले. पातळ पॉपलिनपासून जाड ड्रिलपर्यंत सारे कापड त्याखालून जाते. आमच्याकडील यंत्र बिडाचे, मूळचे काळे, आणि त्यावर कंपनीची सोनेरी अक्षरे होती.

ते आमच्याकडे आले सांगलीहून. साताऱ्याकडील एका खेड्यातून १९८० च्या दशकात आमच्या वसतिगृहात शिकावयास आलेल्या एका विद्यार्थ्याने येथेच शिवण शिकून घेतले आणि पुढे तोच व्यवसाय धरला. गावात दुकान घालणे त्यांना शक्य झाले नाही. शिवणकामात माप घ्यावे लागते, आणि माप घेणे म्हणजे माणसाच्या खांद्याला, मानेला, मनगटाला हात लावणे. आमच्या आधीच्या पिढीतील माणसे सांगत, की त्यांच्या लहानपणी गावचा शिंपी आपल्या लोकांचे माप दुरून, नजरेनेच घेई. ज्या गावाला आपले माप घेताना विटाळ वाटत होता, त्या गावाने आपल्या हातून माप घेऊ देणे तर दूरच. हे गृहस्थ म्हणूनच सांगलीस गेले. तेथे त्यांनी जुने यंत्र हप्त्यांवर घेतले आणि दुकानाच्या पाटीवर आडनाव न घालता केवळ ‘टेलर्स’ एवढेच लिहिले. त्या यंत्रावर त्यांनी तीस वर्षे संसार चालवला, दोन मुलांना शिकवले, आणि दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आधी पांढऱ्या सदऱ्यांची रास शिवली.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. सखल भागातील दुकाने कित्येक दिवस पाण्याखाली राहिली. पाणी ओसरल्यावर यंत्राच्या प्रत्येक फटीत गाळ बसला होता आणि चाक हलत नव्हते. आम्ही विचारपूस करण्यास गेलो, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “सर, भंगारवाला किलोनं घेतोय. शाळेला लोखंडाचा काय उपयोग होत असंल तर तुम्हीच न्या. मला आता त्याच्याकडं बघवत न्हाई.” आम्ही ते टेम्पोत घालून शाळेत आणले. पुढची दोन वर्षे टाळेबंदीत गेली. यंत्र कोठीत पडून राहिले आणि गंज वाढत गेला.

२०२२ च्या दिवाळीनंतर शाळा पुरती रुळावर आली आणि या यंत्राचे काय करावे, हा विषय शिक्षकांच्या बैठकीत निघाला. तीन मते पुढे आली. पहिले मत असे, की भंगार विकून त्यात थोडी भर घालावी आणि विजेवर चालणारे नवे यंत्र घ्यावे. दुसरे मत भावनेचे होते: यंत्र आहे तसे काचेच्या पेटीत ठेवावे, शेजारी फलक लावावा आणि वर्धापनदिनी त्याला पुष्पहार घालावा. तिसरे मत, जे शेवटी आम्ही स्वीकारले, ते दुरुस्तीचे. परंतु त्याआधी एका चौथ्या मताला उत्तर देणे भाग होते, आणि ते मत एका पालकाचे होते. ते म्हणाले, “सर, लेकीला साहेब करायला धाडलीया, मशिनीवर बसवायला न्हाई.”

हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेला नाही. पिढ्यान् पिढ्या ज्यांच्या माथी जन्मानेच काम मारले गेले, त्यांच्या मुलांना शाळेत पुन्हा हाताचे काम देताना शंभर वेळा विचार करावा लागतो. १९३६ च्या ‘जातिभेद निर्मूलन’ या ग्रंथात बाबासाहेबांनी दाखवून दिले, की जातिव्यवस्थेने कामाची वाटणी करण्याच्या नावाखाली काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी केली आणि त्यांना एकमेकांवर चढत्या पायऱ्यांनी बसवले. त्यात माणसाची आवड किंवा कुवत विचारलीच गेली नाही. तेव्हा प्रश्न सुईचा नव्हे, सुई हाती कोणी आणि कशी दिली याचा आहे. आमच्या शाळेत शिवण मुलगे व मुली दोघांनाही शिकवले जाते, गणित-विज्ञानाचा एकही तास त्यासाठी कमी केला जात नाही, आणि ज्याला नको त्याच्यावर सक्ती नाही. हे आम्ही त्या पालकांना समक्ष सांगितले. त्यांची कन्या पुढे यंत्र खोलणाऱ्या गटात आपण होऊन आली, आणि तिने त्याच वर्षी विज्ञानप्रदर्शनात शटलच्या गतीची आकृती काढून मांडली.

कपड्याचा आणि स्वाभिमानाचा संबंध साताऱ्याच्या भूमीत तरी निराळा सांगावा लागू नये. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, दाखल झाले. त्या काळातील आठवणी बाबासाहेबांनी ‘व्हिसाच्या प्रतीक्षेत’ या छोट्या लिखाणात नोंदवल्या आहेत. बसायला घरून आणलेले गोणपाट. केस कापायला न्हावी नाही, म्हणून बहिणीनेच केस कापायचे. गावात परीट असूनही आणि त्याचे पैसे देण्याची ऐपत असूनही कपडे घरीच धुवायचे. १९०१ च्या उन्हाळ्यात ही मुले वडिलांना भेटण्यासाठी आगगाडीने मसूरला निघाली, तेव्हा त्यांच्यासाठी मुद्दाम नवे सदरे, जरतारी टोप्या आणि रेशीमकाठी धोतरे घेतली होती. मसूरच्या स्टेशनमास्तरने तो पोशाख पाहून त्यांना उच्चवर्णीय समजून आपुलकीने चौकशी केली. जात कळताच त्याचा चेहरा पालटला. पुढचा बैलगाडीचा प्रवास आणि पाण्यावाचून काढलेली ती रात्र आपल्या वाचकांना ठाऊक आहे.

या प्रसंगातून दोन गोष्टी आम्ही वर्गात मुलांपुढे ठेवतो. नीटनेटक्या कपड्याने जात पुसली जात नाही, ही पहिली. तरीही सुभेदारांच्या घराने त्या मुलांना नीटनेटके कपडे घालूनच पाठवले, ही दुसरी. १९२७ च्या डिसेंबरात महाडला जमलेल्या स्त्रियांना बाबासाहेबांनी लुगडे कसे नेसावे, अंगावरील जातीची खूण ठरलेले दागिने कसे टाकावेत, हेही सांगितले होते. ज्यांना वस्त्राची निवड करण्याचाच अधिकार नव्हता, त्यांच्यासाठी आपले वस्त्र आपण बेतणे हे हक्काचे पाऊल होते. वसतिगृहातील मुलाच्या अंगावर त्याच्या मापाचा गणवेश असावा, दुसऱ्याच्या मापाचा उतरलेला नसावा, हा आग्रह तेथूनच आला आहे.

यंत्राविषयीही बाबासाहेबांची भूमिका स्पष्ट होती. १९२४ मध्ये गांधीजींना त्यांच्या यंत्रविरोधाबद्दल विचारले गेले, तेव्हा त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला. पत्नीला कंटाळवाण्या टाक्यांतून सोडवण्यासाठी सिंगरने प्रेमापोटी ते बनवले, असे त्यांचे म्हणणे होते. इतिहास इतका कोमल नाही. १८३० च्या सुमारास फ्रान्समध्ये तिमोनिए या शिंप्याने शिवणयंत्र केले, तेव्हा पोट जाण्याच्या भीतीने पॅरिसच्या शिंप्यांनी त्याची यंत्रे फोडली. एलियास हाउ याला अमेरिकेत १८४६ मध्ये पेटंट मिळाले. सिंगरने १८५० मध्ये बोस्टनच्या एका कार्यशाळेत दुसऱ्याच्या यंत्रातील दोष पाहून आपली सुधारणा केली आणि १८५१ मध्ये पेटंट घेतले. बाबासाहेबांनी १९४५ च्या ग्रंथात गांधीवादाची चिकित्सा करताना एका यंत्राचा अपवाद मागितला नाही. माणसाला पशूसारख्या राबण्यातून सोडवून फुरसत आणि संस्कृती मिळवून द्यायची असेल, तर यंत्र हवेच, असे त्यांनी मांडले. यंत्राचा लाभ मूठभरांना होत असेल तर दोष समाजरचनेचा आहे, आणि ती बदलली पाहिजे. काचेच्या पेटीत ठेवून हार घातलेले यंत्र कोणालाही फुरसत देत नाही. या युक्तिवादाने दुसऱ्या मताच्या मंडळींचेही समाधान झाले.

आता रंगाविषयी. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून आम्हांस येथे अडखळायला झाले, हे खरे. जुना रंग हाही पुरावाच असतो. यंत्राच्या बाहूवर जेथे तीस वर्षे डावा हात टेकला, तेथील काळा रंग झिजून धातू दिसत होता. पाटावर कापड सरकून सरकून सोनेरी वेलबुट्टी पुसली होती. आणि गंजाची एक आडवी रेघ पुराचे पाणी कोठवर तुंबून राहिले ते दाखवत होती. हे सारे खरवडून टाकणे म्हणजे दस्तऐवजाचे पान फाडणे नव्हे काय? तसे होऊ नये म्हणून मुलांनी आधी एक नोंदवही केली. सर्व बाजूंनी छायाचित्रे घेतली, अनुक्रमांक उतरून घेतला, झिजलेल्या जागांची मापे टिपली आणि त्या गृहस्थांना दूरध्वनी करून कोणती झीज कोणत्या कामाने झाली, ते विचारले. प्रतापसिंह हायस्कूलच्या जुन्या नोंदवहीतील १९१४ क्रमांकाची एक ओळ आज साऱ्या महाराष्ट्राला मोलाची वाटते. ती लिहिणाऱ्या कारकुनाला तिचे मोल ठाऊक नव्हते. नोंद करणाराने मोल ठरवत बसू नये, नोंद करावी, एवढे आम्ही मुलांना सांगितले. यंत्राच्या पाटाखालच्या बाजूस दोन इंचांची पट्टी जुन्या काळ्या रंगासह तशीच राखली आहे.

त्यानंतर खोलण्यास आरंभ झाला. निघालेला प्रत्येक स्क्रू क्रम लिहिलेल्या पुठ्ठ्यावर टोचून ठेवला. अडकलेले भाग रॉकेलमध्ये आठवडाभर बुडवले. रोज थोडे हलवून पाहिले, हातोडा मात्र लावू दिला नाही, कारण बीड ठोक्याने वाकत नाही, फुटते. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून रंग कोरडा घासण्यास मनाई होती. पाणी लावून पॉलिश पेपरने घासणे, तोंडाला मास्क, आणि निघालेला चिखल ओल्या कागदात गोळा करणे हे नियम कसोशीने पाळले. शेवटी सोड्याच्या गरम पाण्याने तेलकटपणा काढून अंग वाळवले, तेल सोडण्याची भोके मेणाने आणि दांडे फिरण्याच्या जागा चिकटपट्टीने बंद केल्या आणि रेडऑक्साइडचा थर दिला.

तेव्हा गंजाने केलेले खड्डे स्पष्ट दिसू लागले. पुन्हा चकचकीत काळा रंग द्यावा आणि सोनेरी अक्षरे छापून आणावीत, असे काहींना वाटत होते. परंतु गुळगुळीत काळ्या रंगात प्रत्येक खड्डा दुप्पट दिसतो. तो लपवायला लांबी भरभरून घासावे लागते, आणि लांबीचा जाड थर यंत्राच्या थरथरीने पुढेमागे तडकतो. शिवाय नवी सोनेरी अक्षरे लावून यंत्र कधी बुडालेच नव्हते असे भासवणे आम्हांस रुचले नाही. म्हणून हॅमरटोन रंग निवडला. लेथ, ड्रिलिंग मशीन, विजेच्या पेट्या यांवर वाचकांनी तो पाहिला असेल. तांबटाने मठारलेल्या भांड्यावर दिसतात तशा उथळ ठोक्यांची नक्षी त्यावर असते. ठोके मात्र कोणी मारलेले नसतात. रंगात ॲल्युमिनियमचे बारीक पापुद्रे आणि किंचित सिलिकोन असते. द्रावक उडून जाताना पृष्ठभागावरील ताण जागोजागी कमीजास्त होतो, रंग लहान लहान वाटोळ्या चकत्यांत ओढला जातो आणि पापुद्रे त्या चकत्यांप्रमाणे मांडले जातात. ओबडधोबड बिडावर हा रंग कारखानदारांना सोयीचा वाटला, तो याच गुणामुळे.

फवारणी सांगलीजवळच्या कुपवाड औद्योगिक वसाहतीत झाली. तेथे आमचा एक माजी विद्यार्थी लोखंडी कपाटे रंगवण्याचा लहानसा कारखाना चालवतो. थर पातळ पडला तर नक्षी उमटत नाही, जाड झाला तर ओघळ येतो. म्हणून त्याने आधी पत्र्याच्या तुकड्यांवर तीन नमुने काढले आणि तिसऱ्यावर मुलांची पसंती घेतली. काम संपल्यावर तो बराच वेळ फवारणीची बंदूक धुत राहिला. मुलांनी कारण विचारले, तेव्हा त्याने सांगितले, की या रंगातील सिलिकोनचा थेंब जरी राहिला, तरी पुढच्या गिऱ्हाइकाच्या कपाटावर माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात. दुसऱ्याचे काम बिघडू नये म्हणून घेतलेली ती दक्षता मुलांनी नोंदवहीत स्वतंत्र ओळीत लिहिली आहे.

यंत्राचे मूळ मालक प्रथम नाखूश होते. नक्षीवर कापड अडेल, असे त्यांचे म्हणणे. रंग पुरता कडक होण्यास पंधरा दिवस दिले आणि मग पाटावरून पॉपलिन, सुती साडी व रेशमी कापड सरकवून पाहिले. कापड अडले नाही. मग त्यांनी बाह्या सारल्या, मुलांना शेजारी बसवले आणि पुठ्ठ्यावरील क्रमाने यंत्र जोडण्यास घेतले. “दाते आधी बसवा, काका?” असे मुले विचारत आणि ते “थांब, आधी तेल” असे म्हणत. सायंकाळी चाक फिरले. पहिली शिवण खाली सैल आली. त्यांनी वरच्या दोऱ्याचा ताण थोडा वाढवला आणि दुसरी शिवण दोन्ही बाजूंनी सारखी आली. ते काही बोलले नाहीत. त्यांनी तो कापडाचा तुकडा घडी करून खिशात ठेवला.

आपल्या परंपरेत शिवण हे हलके काम मानलेलेच नाही, हेही येथे सांगावेसे वाटते. भिक्खूचे चीवर तुकडे जोडून शिवायचे असते. मगधातील भातखाचरांची आखणी पाहून आनंदाने ती मांडणी बेतली, असे विनयपिटकात आहे. वर्षावासानंतरच्या कठिन चीवरदानातील ‘कठिन’ हा शब्दच चीवर शिवताना वापरायच्या चौकटीवरून आला. आणि कोसंबीच्या उदेन राजाने आनंदाला विचारले, की इतकी नवी चीवरे मिळाल्यावर जुन्यांचे काय करता. तेव्हा आनंदाने सांगितले, जुन्यांचे पांघरूण करतो, ते विरले की गादीची खोळ, मग जमिनीवरचे अंथरूण, मग पायपुसणे, मग फडके, आणि तेही फाटले की चिखलात मळून जमीन सारवतो. वस्तू अनित्य आहे म्हणून ती टाकून द्यावी, असा अर्थ त्या स्थविराने काढला नाही. जोवर उपयोग आहे तोवर ती जपावी, असाच काढला.

यंत्रावर आज गणवेशांची दुरुस्ती, ग्रंथालयातील पुस्तकांच्या कापडी पिशव्या आणि समारंभाचे पंचशील ध्वज शिवले जातात. त्याचे मूळ मालक दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सांगलीहून येतात आणि माप घेण्याचा पाठ देतात. त्या पाठात प्रत्येक मूल प्रत्येकाचे माप घेते; मुलगे मुलग्यांचे, मुली मुलींचे. टेप खांद्यावर ठेवण्याआधी समोरच्याला विचारायचे, हा त्यांचा पहिला नियम आहे. गेल्या वर्षी त्यांनी सांगलीत पुन्हा लहानसे दुकान घातले, या खेपेस उंचावरच्या गल्लीत. पाटीवर त्यांनी आपले पूर्ण नाव लिहिले आहे.

नोंदवही शिवणवर्गातच टांगलेली असते. तिची पुढची पाने कोरी आहेत. वर्धापनदिनास येणाऱ्या माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांनी या वर्गात पहिला टाका घातला असेल, त्यांनी आपले वर्ष, आपले गाव आणि आपण काय शिवले, एवढे तीत अवश्य लिहावे, ही विनंती. जय भीम.